जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची भरकटलेली मीटरं: म्हापशातल्या दुरुस्ती-टेबलावरच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

९ जून

टेबलावर पेंटॅक्स के १०००, मिनोल्टा एसआरटी १०१, निकॉरमॅट एफटीएन आणि ऑलिम्पस ट्रिप ३५. प्रत्येकाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर जवळपास एकच तक्रार: उजेड मोजणारं मीटर कधी बरोबर, कधी चूक. एवढ्यावरून स्क्रू-ड्रायव्हर उचलण्यात अर्थ नाही. चूक उन्हात येते की सावलीत, सकाळी की दुपारी, सुई उडते की सावकाश सरकते, हे कळलं की निम्मं निदान झालं.

सर्किट साधं आहे. बॅटरी, कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसेल, एखाद-दोन रेझिस्टर आणि सुईचं गॅल्व्हॅनोमीटर. उजेड वाढला की प्रकाशसेलचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो, सुई वर जाते. भर उन्हात प्रकाशसेल काही हजार ओहमवर येतो, अंधूक खोलीत लाखाच्या घरात जातो. म्हणून गंजलेल्या तारेचे हजार-दीड हजार ओहम उन्हात जाणवतात आणि सावलीत पत्ताही लागत नाही. उलट प्रकाशसेलच्या दोन टोकांमध्ये ओलाव्यामुळे वीज झिरपत असेल, तर ती फक्त मंद उजेडात दिसते. सगळीकडे सारखीच चूक असेल तर कॅलिब्रेशन किंवा आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) चकती, आणि सुई उडत असेल तर सरकता कॉन्टॅक्ट.

कॅलिब्रेशनचे प्रीसेट (फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर) आणि स्क्रू जसजसे उघडे पडतील तसतशी त्यांच्या आताच्या जागेवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारायची. बाकी सगळं होईपर्यंत त्यांना हात नाही.

११ जून

उजेडाची पेटी तयार केली. छताला लावतात तसं २० वॉटचं चौकोनी एलईडी पॅनेल, त्यापुढे ३ मि.मी. जाडीचे दुधी अ‍ॅक्रिलिकचे दोन तुकडे, मध्ये ४० मि.मी. अंतर. बाजूच्या भिंती पांढऱ्या, तोंडाभोवती काळा मखमली कागद. हँडहेल्ड स्पॉट मीटरवर मध्यभागी आयएसओ १०० ला ईव्ही १४, कोपऱ्यात त्यापेक्षा एक दशांश स्टॉप कमी. ईव्ही हे उजेडाचं माप; त्यात एकाचा फरक म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. हे चालेल.

उजेड कमी करायला डिमर वापरायचा नाही. एलईडीचा डिमर बहुतेकदा दिवा झपाट्याने चालू-बंद करून काम भागवतो, त्यामुळे काही मीटरं गोंधळतात. साधा पिवळा बल्ब मंद केला तर तो तांबडा होतो, आणि कॅडमियम सल्फाइडला तांबडा उजेड जास्त जाणवतो. म्हणून एनडी ८ फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी काच), प्रत्येकी तीन स्टॉप. एकावर एक लावले की पायऱ्या मिळतात: ईव्ही १४, ११, ८, ५. स्वस्तातले एनडी फिल्टर तीन स्टॉपचे असतातच असं नाही, म्हणून प्रत्येक फिल्टर वेगळा मोजून त्याच्या कडीवर खरा आकडा लिहिला.

ताडून बघायचे आकडे, आयएसओ १०० ला: ईव्ही १४ म्हणजे एफ ८ ला (अ‍ॅपर्चर, लेन्सच्या भोकाचं माप) १/२५० (शटर, सेकंदात). ईव्ही ११ म्हणजे एफ ८ ला १/३०. ईव्ही ८ म्हणजे एफ २ ला १/६०. ईव्ही ५ म्हणजे एफ २ ला १/८. निकॉन, कॅनन, सेकॉनिक हे कॅलिब्रेशनचा स्थिरांक १२.५ धरतात, मिनोल्टा आणि पेंटॅक्स १४. हा फरक स्टॉपच्या सहाव्या भागाएवढा आहे, त्याला दोष म्हणायचं नाही.

लेन्स अनंतावर फोकस करून पेटीच्या तोंडाला टेकवायची. जवळचं फोकस केलं की लेन्स पुढे येते आणि फिल्मपर्यंत उजेड कमी पोचतो.

१२ जून

बॅटरीचा प्रश्न मोजणीतून बाजूला काढण्यासाठी १.३५ व्होल्टचा स्थिर पुरवठा बनवला. एलएम ३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी), वरचा रेझिस्टर १२० ओहम, खाली २० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, इनपुटला मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट. इनपुटला ०.१ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गणिताने खालचा रेझिस्टर १० ओहम येतो, पण या आयसीचा संदर्भ व्होल्टेज १.२ ते १.३ च्या मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून प्रीसेट फिरवून मल्टिमीटरवर १.३५० आणायचा. १२० ओहम मुद्दाम घेतला, कारण त्यातून १० मिलिअँपिअर वाहतात आणि आयसीला लागणारा किमान लोड तिथेच भागतो. मीटरचा स्वतःचा करंट मायक्रोअँपिअरमध्ये, त्याच्या भरवशावर हा आयसी स्थिर राहत नाही.

बॅटरीच्या खाचेत बसेल अशी लाकडाची चकती कापून दोन्ही बाजूंना पितळी पत्रा लावला. पोलॅरिटी प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी तपासायची.

१६ जून

पहिली मोजणी. "जास्त" म्हणजे मीटरला खऱ्यापेक्षा जास्त उजेड दिसतो, म्हणजे फिल्मवर उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ येणार. "कमी" म्हणजे उलटं.

के १०००: पेटीवर चारही पायऱ्यांना पाव स्टॉपच्या आत.

एसआरटी, आत आलेल्या अल्कलाइन ६२५ वर: ईव्ही १४ ला अर्धा स्टॉप जास्त, ईव्ही ५ ला एक तृतीयांश जास्त.

निकॉरमॅट, १.३५ च्या पुरवठ्यावर: ईव्ही १४ आणि ११ ला बरोबर, पण अ‍ॅपर्चर फिरवताना एफ ५.६ आणि एफ ८ च्या मध्ये सुई उडते. ईव्ही ५ ला दोन तृतीयांश स्टॉप जास्त.

ट्रिप: ईव्ही ८ ला उजेड अपुरा असल्याची लाल पट्टी वर येते, ईव्ही ११ ला शटर सुटतं. दोन्ही बरोबर, कारण याचं सर्वांत मंद शटर १/४० आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर एफ २.८ म्हणजे ईव्ही ८.३, त्याखाली पट्टी यायलाच हवी. पण चिठ्ठीबरोबर आलेल्या उन्हातल्या निगेटिव्ह दाट आहेत.

खोलीतली आर्द्रता ८८ टक्के. हा आकडा प्रत्येक मोजणीपुढे लिहायचा.

१७ जून

के १००० चा निकाल लवकर लागला. यातले दोन प्रकाशसेल आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) दोन बाजूंना आहेत, त्यामुळे मागून आयपीसमध्ये शिरणारा उजेडही ते मोजतात. खिडकीकडे पाठ करून, डोळा आयपीसपासून बोटभर लांब ठेवला की ईव्ही ८ ला रीडिंग एक स्टॉपने वाढतं. काळं फडकं डोक्यावरून घेतलं की जागेवर. चष्मा लावणाऱ्यांना आणि ट्रायपॉडवाल्यांना हे हमखास भोवतं. आयपीसला रबरी कप लावून दिला. दुरुस्ती काही नाही.

दुसरी गोष्ट, या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सला झाकण असेल तर प्रकाशसेलचा रेझिस्टन्स इतका वाढतो की बॅटरी जवळपास खर्च होत नाही. झाकण न लावता टेबलावर ठेवला की बॅटरी उतरते. मीटर ब्रिज सर्किटवर चालतं, त्यामुळे १.५ आणि १.५५ व्होल्टचा फरक त्याला फारसा लागत नाही. एसआर ४४ (सिल्व्हर ऑक्साइडची बटण-बॅटरी) घालायचा, विषय संपला.

२० जून

एसआरटी १०१. खालची प्लेट काढली. बॅटरीच्या खाचेतून स्विचकडे जाणारी तार हिरवी, इन्सुलेशनच्या आतपर्यंत. अल्कलाइन बॅटरी गळली की तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तारेच्या पेडांमधून वर चढतं. वरून स्वच्छ दिसणारी तार आतून पोखरलेली असते.

मल्टिमीटरच्या ओहमवर मोजून भागत नाही, गंजलेला जोड दर वेळी वेगळा आकडा देतो. मीटर चालू ठेवून, पेटीवर ईव्ही १४ लावून, बॅटरीच्या कॉन्टॅक्टपासून स्विचच्या पलीकडच्या टोकापर्यंत मिलिव्होल्ट मोजले: सुमारे १२०. चांगल्या तारेवर १-२ च्या वर जायला नको.

तार साफ करत बसायचं नाही, बदलायची. ३० गेजची सिलिकॉन इन्सुलेशनची तार, ०.५ मि.मी. सोल्डर, आयर्न ३२० अंशांवर, टोक बारीक. जुनं सोल्डर आधी पूर्ण ओढून घेतलं, कारण गंज लागलेल्या सोल्डरवर नवीन धरत नाही, वर नुसता गोळा बसतो. खाचेतल्या कॉन्टॅक्टवर पांढऱ्या विनेगरचा एकच थेंब टूथपिकने, मिनिटभर थांबून डिस्टिल्ड वॉटरने पुसलं, मग आयसोप्रोपाइल. घरातलं माडाचं विनेगर इथे कामाचं नाही. त्यातली साखर आणि गाळ मागे राहतात आणि पावसाळ्यात त्याच जागेवर चिकटा धरतो. ते सोरपोतेलाला (डुकराच्या मांसाच्या गोवन कालवणाला) ठेवावं.

२१ जून

तार बदलल्यावर एसआरटीची चूक वाढली. ईव्ही १४ ला अर्ध्या स्टॉपवरून सव्वा स्टॉप जास्त. ईव्ही ५ ला जवळपास होती तेवढीच.

हे अपेक्षित होतं. दोन दोष एकमेकांना झाकत होते. अल्कलाइन बॅटरी १.५८ व्होल्ट देत होती आणि गंजलेली तार त्यातले ०.१२ खात होती. गंज तसाच ठेवून कुणी कॅलिब्रेशन फिरवलं असतं, तर तार तुटेपर्यंतच ते टिकलं असतं.

हा कॅमेरा १९६६ चा, पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेला. ती १.३५ व्होल्ट द्यायची आणि संपेपर्यंत जवळपास तेवढेच द्यायची. मीटरची मोजपट्टी त्याच भरवशावर आखलेली. अमेरिकेने १९९६ मध्ये कायद्याने पाऱ्याच्या बटण-बॅटऱ्यांची विक्री थांबवली, पुढे मिनामाता करार २०१७ पासून लागू झाला. आता त्याच मापाची मिळते ती अल्कलाइन. ती नवी असताना १.५ च्या वर, आणि वापरात सतत उतरत जाते. म्हणजे आयुष्याच्या सुरुवातीला मीटर जास्त दाखवतं, मध्ये काही काळ अगदी बरोबर, शेवटी कमी. "कधी बरोबर, कधी चूक" या तक्रारीचा मोठा हिस्सा एवढाच असतो.

आयएसओची चकती एक स्टॉप मागे ठेवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो का चालत नाही ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. मंद उजेडात सर्किटमध्ये प्रकाशसेलचाच रेझिस्टन्स मोठा असतो, तेव्हा १५ टक्के जादा व्होल्टेजने करंट १५ टक्के वाढतो आणि तो जेमतेम एक तृतीयांश स्टॉप भरतो. भर उन्हात प्रकाशसेलचा रेझिस्टन्स इतका खाली आलेला असतो की करंट मुख्यतः बाकीच्या रेझिस्टरांवर ठरतो. तिथे उजेड दुप्पट झाला तरी सुई थोडीच सरकते. त्याच १५ टक्क्यांना आता एक स्टॉप किंवा जास्त लागतो. चूक उजेडाबरोबर बदलत असेल तर चकतीची एक जागा तिला पुरणार कशी? उन्हात बरोबर केलं की देवळाच्या सभामंडपात निगेटिव्ह दाट येणार.

२४ जून

एसआरटीला शॉटकी डायोड, बॅटरीचं जादा व्होल्टेज उतरवायला. बीएटी ८५ घेतला, १०० मायक्रोअँपिअरला साधारण ०.२ व्होल्ट उतरवतो. सिल्व्हर ऑक्साइड एसआर ४४ चे १.५५ वजा ०.२ म्हणजे १.३५. शिवाय सिल्व्हर ऑक्साइडचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, अल्कलाइनसारखं उतरत जात नाही. म्हणून डायोड लावला तर एलआर ४४ (त्याच मापाची अल्कलाइन) कधीच नाही, एसआर ४४ च. दिसायला दोन्ही एकसारख्या आणि दुकानदार एकीच्या जागी दुसरी बिनधास्त देतो, पॅकवरचं अक्षर वाचून घ्यावं.

१एन ४१४८ लावू नये, तो अर्धा व्होल्ट खातो. १एन ५८१७ हाही शॉटकीच, पण एवढ्या लहान करंटला तो फारच कमी उतरवतो.

दिशा: डायोडवरची पट्टी करंट ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला. धन तारेत घातला तर पट्टी सर्किटकडे, ऋण तारेत घातला तर पट्टी बॅटरीकडे. उलटा लागला तर काही जळत नाही, सुई फक्त हलत नाही.

मापाचा प्रश्न वेगळा. ६२५ चा व्यास साडेपंधरा मि.मी.च्या थोडा वर, उंची सहा मि.मी.; एसआर ४४ चा ११.६ आणि ५.४. भोवती नायलॉनची कडी, उंचीसाठी ०.३ मि.मी.च्या पितळी पत्र्याच्या दोन चकत्या. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घडी करून घालतात ती समुद्राकाठच्या हवेत काळी पडते आणि लूज कॉन्टॅक्ट होतो. काही कॅमेरे धन टोक बॅटरीच्या बाजूच्या भिंतीवरून घेतात. तिथे कडी नायलॉनची नव्हे, धातूची हवी.

मोजणी: ईव्ही १४ ला शून्य, ११ ला शून्य, ५ ला एक दशांश जास्त. मंद उजेडात करंट कमी, म्हणून डायोडही थोडा कमी उतरवतो. सोडून देण्याजोगं.

२६ जून

श्रवणयंत्राच्या झिंक-एअर ६७५ बॅटऱ्या चालतात का? चालतात, व्होल्टेज १.४ च्या आसपास आणि सपाट, लेबल काढल्यावर पाचेक मिनिटं हवा खाऊ द्यायची. पण त्या हवेवर चालतात, आणि इथल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत पाणीच जास्त. आतलं इलेक्ट्रोलाइट ओलावा ओढतं, बॅटरी फुगते, कधी गळते. कॅमेऱ्याचं झाकण रबरी रिंगने घट्ट बंद होत असेल तर उलटा त्रास, हवा पुरत नाही आणि व्होल्टेज बसतं. नोव्हेंबर ते मे घालावी, पावसाळ्यात काढून टाकावी. या टेबलावरून जाणाऱ्या कॅमेऱ्यांना डायोडच.

एसआरटीबद्दल आणखी एक. याचे दोन प्रकाशसेल प्रिझमवर चौकटीचा वरचा आणि खालचा भाग वेगळा बघतात, म्हणजे आकाशाने रीडिंग बिघडू नये. कॅमेरा उभा धरला की ही रचना आडवी होते आणि त्याच दृश्याचं रीडिंग बदलतं. हा दोष नव्हे. उभ्या फोटोसाठीही रीडिंग आडवं धरूनच घ्यावं.

३ जुलै

निकॉरमॅट एफटीएन. आधी ठोकून बघणं: पेटीवर ईव्ही ११, अ‍ॅपर्चर एफ ११ वर, तळाला बॅटरीजवळ बोटाने टिचक्या. सुई स्थिर. फिल्म ओढायची दांडी बाहेर ओढून, मीटर चालू करून, दांडी थोडी वर-खाली: स्थिर. म्हणजे बॅटरीचा कॉन्टॅक्ट आणि स्विच ठीक. अ‍ॅपर्चर हळू फिरवलं की एफ ५.६ आणि ८ च्या मध्ये उडी, शटर स्पीड बदलला की उडीची जागाही सरकते. म्हणजे माउंटभोवतीचा (लेन्स बसते त्या कडीभोवतीचा) कार्बनचा गोल ट्रॅक आणि त्यावर सरकणारा कॉन्टॅक्ट. निकॉरमॅटचं हे ठरलेलं दुखणं. सगळ्यांचे फोटो एफ ५.६ ते ११ मध्ये, ट्रॅक तिथेच झिजतो.

उघडण्याआधी एक खात्री. लेन्स बसवल्यावर अ‍ॅपर्चरची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवली का? नाही फिरवली तर कॅमेऱ्याला लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर कळत नाही आणि रीडिंग सरळ एक-दोन स्टॉपने चुकतं. लेन्स बदलली की दर वेळी. "लेन्स बदलल्यावर मीटर बिघडतं" ही तक्रार इथेच मिटते.

५ जुलै

माउंट काढताना जपानी क्रॉसचे ड्रायव्हर, साध्या फिलिप्सने डोकी खरडतात. माउंटखालच्या पातळ चकत्या कोणत्या जागी, कोणत्या क्रमाने होत्या त्याचा फोटो काढला. निकॉनच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मि.मी., त्या चकत्या इकडच्या तिकडे झाल्या तर मीटर सुधारेल आणि फोकस जाईल.

ट्रॅकवर झिजलेला चकचकीत पट्टा आणि काळी पूड. ९९ टक्के आयसोप्रोपाइलमध्ये कापूस-काडी किंचित ओली करून एकाच दिशेने पुसलं. पॉलिश पेपर, खोडरबर, तेल असलेला कॉन्टॅक्ट स्प्रे, तिन्ही वर्ज्य. स्प्रे मारला की आठवडाभर छान चालतं, मग तेलात पूड बसते. शिसपेन्सिल घासायचा सल्लाही ऐकू नये. तिने ट्रॅकचा रेझिस्टन्स बदलतो आणि सगळ्या अ‍ॅपर्चरांची मोजपट्टी वाकडी होते.

पुसून उडी कमी झाली, गेली नाही. मग कॉन्टॅक्टची बोटं चिमट्याने अगदी थोडी, केसभर, बाजूला वाकवली, म्हणजे ती झिजलेल्या पट्ट्याच्या शेजारच्या कोऱ्या कार्बनवरून सरकतील. दाब वाढवायचा नाही. दाब वाढला की नवा पट्टाही लवकर झिजतो.

जोडल्यावर अ‍ॅपर्चर टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघितलं. सुई न अडखळता सरकते.

८ जुलै

आता निकॉरमॅटचं ईव्ही ५. सकाळी दोन तृतीयांश जास्त, आर्द्रता ९० टक्के. एसी लावून दुपारी ५५ टक्क्यांवर पुन्हा मोजलं: बरोबर. व्होल्टेज दोन्ही वेळा १.३५०. बॅटरीचा संबंध नाही.

हे ओलाव्यातून झिरपणं. किनाऱ्यावर वापरलेल्या कॅमेऱ्यात मिठाचा अदृश्य थर बसतो. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि मग तो थर वीज वाहून नेतो. म्हणून हा दोष हळूहळू वाढत नाही. आर्द्रतेने ७५ ओलांडली की येतो, खाली गेली की जातो. गोव्यात पावसाळ्याच्या सकाळी तो असणार, आणि पुण्या-मुंबईत एसीच्या दुकानात दाखवायला नेला की कॅमेरा अगदी शहाणा.

आकडेही जुळतात. ईव्ही ५ ला प्रकाशसेल लाखभर ओहमचा. त्याला समांतर अडीच लाख ओहमची ओली वाट मिळाली की करंट ४० टक्के वाढतो, म्हणजे साधारण दोन तृतीयांश स्टॉप. ईव्ही १४ ला प्रकाशसेल काही हजारांवर, तिथे अडीच लाखांची वाट कुणाला जाणवणार.

उपाय सोपा, पण बहुतेक जण चुकीच्या बाटलीला हात घालतात. आयसोप्रोपाइलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही. पुसलं की थर इकडून तिकडे सरकतो. आधी डिस्टिल्ड वॉटर, गाड्यांच्या बॅटरीत घालतात तेच, नवी बाटली. वरचं कव्हर काढून प्रकाशसेलच्या तारा, जोडपट्टी आणि त्यामधली जागा ओलसर कापूस-काडीने, दर वेळी नवी काडी. नंतर आयसोप्रोपाइल, ते फक्त पाणी काढायला. प्रिझमच्या चांदीच्या थराजवळ दोन्हीपैकी काहीही नेऊ नये. मग सिलिका जेलच्या डब्यात दोन रात्री.

११ जुलै

बाहेर संततधार, आर्द्रता ९१. निकॉरमॅट ईव्ही ५ ला पाव स्टॉपच्या आत. झालं.

याच्या खाचेत जुनी पाऱ्याची बॅटरी निघाली. झाकणाच्या डबीत बंद करून ई-कचऱ्यात, घरच्या कचऱ्यात नाही.

१८ जुलै

एकदा उन्हातून आत आणलेल्या एसआरटीने ईव्ही ५ ला अर्धा स्टॉप जास्त दाखवलं, मग अर्ध्या मिनिटात खाली आला. कॅडमियम सल्फाइडला उजेडाची आठवण राहते. तीव्र उजेडातून अंधारात आलं की त्याचा रेझिस्टन्स सावकाश वाढतो. मोजणीपूर्वी पाच मिनिटं त्याच उजेडात ठेवायचा, ईव्ही ८ च्या खाली तीस सेकंद थांबून आकडा लिहायचा. वापरणाऱ्यालाही हेच सांगायचं: अंगणातून देवघरात गेलात तर सुई थांबेपर्यंत थांबा.

४ ऑगस्ट

ट्रिप ३५. यात बॅटरी नाही, सेलेनियमचा सेल स्वतःच वीज देतो. आधी अ‍ॅपर्चरची पाती: मागचं दार उघडून, उजेडाकडे तोंड करून, आयएसओ २५ आणि ४०० वर आलटून-पालटून बटण दाबलं. भोक लहान-मोठं होतं, पण मोठ्यावरून लहानावर यायला पाती आळशी. तेल. उन्हातल्या दाट निगेटिव्हचं एक कारण इथेच सापडलं. मीटरने बरोबर सांगितलं तरी पाती वेळेत मिटत नाहीत. लायटरच्या पेट्रोलने धुतली, दोनदा, दुसऱ्यांदा कोऱ्या पेट्रोलने. नुसतं एकदा धुतलं की तेल पसरून सुकतं आणि आठवड्यात परत येतं. पाती कोरडीच ठेवायची.

६ ऑगस्ट

आता सेल. गॅल्व्हॅनोमीटरची एक तार सोडवून सेलचा करंट मायक्रोअँपिअरवर, पेटीचा उजेड ईव्ही १४ आणि ११. एनडी ८ म्हणजे करंट आठपटीने बदलायला हवा. सहापटीने बदलला. म्हणजे तीव्र उजेडात सेल दबतो. मल्टिमीटरची रेंज दोन्ही वेळा तीच ठेवायची. मायक्रोअँपिअरच्या रेंजला मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स शेकडो ओहम असतो आणि रेंज बदलली की तोही बदलतो.

नुसता करंट कमी, पण प्रमाण आठच, असं असेल तर सेल म्हातारा पण सरळ आहे. त्याला आयएसओच्या चकतीने सांभाळून घेता येतं. प्रमाणच बिघडलं असेल तर आधी जोड बघायचा, कारण वाढलेला रेझिस्टन्स तीव्र उजेडातच सेलला अडवतो. तार टेकते तिथे पांढरट पूड होती. पाण्याने, मग आयसोप्रोपाइलने पुसून पट्टीचा दाब पूर्ववत केला. सेलवर थेट सोल्डर करायचं नाही. सेलेनियम २२० अंशांच्या आसपास वितळतं आणि आयर्नचं टोक ३०० च्या वर असतं.

प्रमाण साडेसातच्या वर आलं. एकूण करंट मात्र कमीच, सुमारे अर्धा स्टॉप. २०० ची फिल्म घातली की चकती २०० आणि ४०० च्या मध्ये. रंगीत निगेटिव्हला अर्धा स्टॉप दाट काहीच नाही, स्लाइड फिल्म या कॅमेऱ्यात घालू नये.

८ सप्टेंबर

चवथीची सुट्टी संपवून पुन्हा टेबल. चारही कॅमेरे मधल्या काळात मुद्दाम सिलिका जेलविना, उघड्या कपाटात ठेवले होते. पेटीवर सगळे आपापल्या जागी. एसआरटीच्या पितळी चकतीवर किंचित तपकिरी छटा, पुसून घेतली. पितळेवर निकेलचा मुलामा असलेली चकती शोधायची.

कॅलिब्रेशनच्या रेघा सगळ्या मारल्या होत्या तिथेच. एकाही प्रीसेटला हात लावावा लागला नाही.

६ ऑक्टोबर

उन्हातली चाचणी. स्वच्छ ऊन, दुपार, आकाश निरभ्र: आयएसओ १०० ला एफ १६, १/१२५, म्हणजे ईव्ही १५. १८ टक्के उजेड परत देणारं करडं कार्ड सूर्य आणि कॅमेरा यांच्या मधल्या दिशेला कललेलं. के १०००, एसआरटी आणि निकॉरमॅट तिघेही त्याच्या पाव स्टॉपच्या आत.

पणजीच्या चर्चची पांढरी भिंत भरून रीडिंग घेतलं की तिघेही दोन स्टॉपच्या वर जातात, आणि जायलाच हवेत. चुना जवळपास ८५ टक्के उजेड परत देतो, मीटर त्याला १८ टक्के समजतं. चिऱ्याच्या कोरड्या कुंपणावर घेतलेलं रीडिंग कार्डाच्या जवळ येतं, तोच चिरा पावसाने भिजला की गडद होतो आणि आकडा खाली येतो. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची तर एकाच भिंतीवर, त्याच मिनिटाला. "माझा एक स्टॉप वेगळा दाखवतो" म्हणून येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फरक भिंतीचा असतो.

ट्रिपचा रोल धुवायला दिला आहे. उन्हातल्या फ्रेम पहिल्यापेक्षा पातळ आल्या की तो सुटला.

९ ऑक्टोबर

ट्रिपच्या निगेटिव्ह आल्या. उन्हातल्या आणि सावलीतल्या सारख्या दाटीच्या.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या केसमध्ये टाकलेल्या चिठ्ठ्या. एसआरटी: एसआर ४४ च, आत डायोड आहे, अ‍ॅडॅप्टरमध्ये दुसरा डायोड असलेला घालू नये, नाहीतर दोनदा उतरेल. निकॉरमॅट: पाऱ्याच्या मापाचा डायोडवाला अ‍ॅडॅप्टर दिला आहे, लेन्स लावली की अ‍ॅपर्चर पूर्ण फिरवणे, समुद्रावरून आल्यावर बाहेरून ओलसर कापडाने पुसून डब्यात. के १०००: लेन्सचं झाकण. ट्रिप: चकती दोनशे आणि चारशेच्या मध्ये. सगळ्यांना: जून ते सप्टेंबर वापर नसेल तर बॅटरी बाहेर, डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता, सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरणे.